'पहिला' कोण? चरणजित सिंग, ॲसिड हाउस आणि मिरजेची जवारी



सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हमखास सुचतं: 'या विषयावर असा अभ्यास प्रथमच होत आहे.' लिहायला दहा सेकंद लागतात, आणि व्हायव्हाला त्या एकाच वाक्यावर अर्धा तास जाऊ शकतो. कुठे प्रथमच? कोणाच्या आधी? तुम्ही काय काय तपासलं? उत्तरं तयार नसतील तर उरलेला चांगला अभ्याससुद्धा संशयाच्या फेऱ्यात सापडतो.

म्हणून आजचा लेख 'पहिला' या शब्दावर आहे. उदाहरण मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचं घेतलंय. मुंबईत १९८२ साली निघालेली एक तबकडी आणि तिच्यावरून जगभरच्या संगीतप्रेमींमध्ये रंगलेला वाद. जाता जाता आपल्याला सांगली-मिरजेतही थांबावं लागणार आहे, कारण या वादाचा एक धागा तिथे सापडतो.

तबकडीची गोष्ट

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास आणि नंतर कीबोर्ड. शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेकांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवायचे. 'दम मारो दम' या १९७१ च्या गाण्याच्या सुरुवातीला जो गूढ, ताणलेला सूर ऐकू येतो तो ट्रान्सिकॉर्डचा. ट्रान्सिकॉर्ड म्हणजे अकॉर्डियनसारखं दिसणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, आणि तिथे ते वाजवण्याचं श्रेय चरणजित सिंग यांना दिलं जातं.

१९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी केली: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. नावातच सगळं आलं. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, आणि प्रत्येकाखाली यंत्राचा डिस्को ठेका. वाद्यं तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासयंत्र. त्या काळात चित्रपटांत डिस्कोची लाट होती. 'कुर्बानी'मधलं 'आप जैसा कोई' १९८० चं, तर 'डिस्को डान्सर' १९८२ चाच. सिंग यांनी नंतर मुलाखतींत सांगितलेली कल्पना अगदी साधी होती: सगळीकडे डिस्को चाललंय, तर त्याच ठेक्यावर राग वाजवून बघू आणि तबला बाजूला ठेवू.

तबकडी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे २००२ च्या सुमारास एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणारे चक्रावले. कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता, फक्त तारीख जुळत नव्हती.

वाद नेमका कशाचा?

अमेरिकेतल्या शिकागो शहरात ऐंशीच्या दशकात 'हाउस' नावाचं नृत्यसंगीत जन्माला आलं. त्याचीच एक शाखा म्हणजे 'ॲसिड हाउस'. तिची ओळख टीबी-३०३ च्या चिरकणाऱ्या, वळवळणाऱ्या आवाजात आहे. या शाखेची सुरुवात म्हणून ज्या ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवलं जातं ती म्हणजे फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स', १९८७ सालची. सिंग यांची तबकडी १९८२ ची. म्हणजे तब्बल पाच वर्षं आधी!

झालं, तट पडले. एक तट म्हणतो, ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं. दुसऱ्याला सुरुवातीला संशय होता की ही सगळी बनवाबनवी असावी. एखाद्या आजच्या युरोपीय कलाकाराने जुन्या तबकडीचं सोंग आणलंय. तिसरा तट म्हणतो, हे तर नुसतं वाद्यसंगीत, हाउसशी याचा संबंध काय?

संशोधक म्हणून तुम्ही कोणत्या तटात जाल? माझं म्हणणं, कोणत्याच नाही. आधी दावे सुटे करायचे.

बनवाबनवीचा दावा सगळ्यात सोपा, कारण तो पुराव्याने निकालात निघतो. मूळ एचएमव्हीच्या तबकड्या संग्राहकांकडे आहेत. सिंग स्वतः हयात होते, त्यांनी मुलाखती दिल्या, उतारवयात युरोपात जाऊन मंचावर हेच राग वाजवून दाखवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. वस्तू, व्यक्ती आणि कृती असे तीन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात. भौतिकशास्त्रात आपण एकच राशी तीन वेगळ्या पद्धतींनी मोजतो, त्यातलाच हा प्रकार.

राहिला मोठा प्रश्न. दोन माणसं, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर, एकमेकांना न ओळखणारी. दोघांच्या हातून सारखा आवाज कसा निघाला?

यंत्राच्या पोटात

टीबी-३०३ बाजारात आलं ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून. साथीदार म्हणून ते सपशेल पडलं. खऱ्या बाससारखं ते वाजतच नव्हतं. १९८४ च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळायला लागलं. शिकागोच्या तरुणांच्या हाती ते आलं ते असं.

आतली रचना समजायला बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. यंत्रातला ऑसिलेटर करवतीच्या दात्यांसारखी तरंगाकृती तयार करतो. अशा तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सगळे उपस्वर असतात. मग येतो फिल्टर. तो एका ठरावीक वारंवारतेच्या वरचं सगळं दाबतो. पण त्याला 'रेझोनन्स' नावाचं एक बटण आहे. ते वाढवलं की फिल्टर आपल्या सीमेजवळच्या उपस्वरांना दाबण्याऐवजी उचलून धरतो. आता ती सीमा हाताने वरखाली फिरवा. एकेक उपस्वर क्षणभर पुढे येतो, चमकतो आणि मागे जातो. खालचा स्वर तोच, पण त्याचा रंग सतत बदलतो. ॲसिडचा तो प्रसिद्ध 'च्याँव' आवाज म्हणजे एवढंच. याच्या जोडीला 'स्लाइड' आहे: एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं.

आता हे वाचताना तंबोरा आठवला का? सांगली-मिरज भागातल्या वाचकांना तरी आठवायला हवा.

मिरजेची जवारी

तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते, पण ही घोडी गिटारसारखी टोकदार नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला की तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा हलका स्पर्श करते आणि आवाज 'खुलतो'. याला आपण जवारी म्हणतो. मिरजेतले कारागीर पिढ्यान् पिढ्या हे कानाने जुळवत आले आहेत.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा. पाठ्यपुस्तकातला नियम सांगतो की तार ज्या बिंदूपाशी छेडली, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू यायला नको. तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडतात. नको असलेला उपस्वरही ठणठणीत ऐकू येतो, कारण बाकदार घोडीशी होणाऱ्या स्पर्शामुळे शक्ती एका उपस्वरातून दुसऱ्यात जाते. तार एकदाच छेडलेली असते, पण जसजसा वेळ जातो तसतसे वेगवेगळे उपस्वर पुढे येत राहतात. नीट कान दिलात तर एकाच षड्जात गंधारही ऐकू येतो.

खाली एक स्थिर स्वर, आणि वर त्याच्या उपस्वरांचा बदलता खेळ. तंबोऱ्यात हे काम घोडी आणि दोरा करतात, टीबी-३०३ मध्ये फिल्टर करतो. यंत्रणा पूर्ण वेगळ्या, पण कानाला जाणवणारी घटना एकाच कुळातली. याच कारणाने रागसंगीत आणि हे जपानी यंत्र एकत्र आले तेव्हा ते विजोड वाटले नाहीत, असं मला वाटतं. घसरत जाणारी स्लाइड मींडेच्या जवळ जाते आणि फिरणारा फिल्टर जवारीच्या. 'मला वाटतं' हे शब्द मुद्दाम लिहिलेत. तंबोऱ्याचं भौतिकशास्त्र तपासलेलं आहे. हे साम्य माझं अनुमान आहे. प्रबंधात या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळू नका.

'यंत्रावर राग' हेसुद्धा पहिलं नव्हतं

काही चाहते दावा थोडा बदलतात. ठीक आहे, ॲसिडचं जाऊ द्या, पण यंत्रावर राग वाजवायचं धाडस तरी सिंग यांनीच पहिल्यांदा केलं ना?

इथे सांगलीला जाऊ या. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाची मदत घेऊन, तारेवर मोजमापं करून, बावीस श्रुतींची गणिती मांडणी केली. हे पुस्तक १९१० चं. आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी हे काम उचलून धरलं आणि बावीस श्रुती वाजवणारी खास हार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या 'श्रुती हार्मोनियम'वर जोरदार वाद झाला. पट्टीत बसवलेला स्वर रागाला न्याय देऊ शकतो का, हा तो वाद. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हाही मूळ मुद्दा हाच होता.

म्हणजे यंत्र आणि राग यांचा झगडा सिंग यांच्या तबकडीच्या सत्तर वर्षं आधी सांगली-मिरजेत सुरू झाला होता. इलेक्ट्रॉनिक यंत्रांपुरतं बोलायचं तरी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला होता. तिथे भारतीय कलाकारांनी केलेल्या फिती पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. चित्रपटसंगीतात कर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग आणला. परदेशात तर चित्रपटांचं अख्खं पार्श्वसंगीत सिंथेसायझरवर होऊ लागलं होतं: 'मिडनाइट एक्स्प्रेस'साठी जॉर्जिओ मोरोडर यांना आणि 'चॅरियट्स ऑफ फायर'साठी व्हँगेलिस यांना ऑस्कर मिळालं. यातलं दुसरं १९८२ मध्येच.

यात तुमच्यासाठी एक सरळ धडा आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताचे चाहते देवल वाचत नाहीत आणि श्रुतीचे अभ्यासक टीबी-३०३ ऐकत नाहीत. 'पहिला' हा शब्द बहुतेक वेळा अशा दोन कपाटांच्या मधल्या फटीत जन्म घेतो. तुमचा पूर्वसाहित्याचा आढावा एकाच कपाटापुरता असेल तर सगळंच पहिलं वाटणार.

मग पहिला कोण?

याचं उत्तर द्यायला मला पुन्हा रामनच उपयोगी पडतात. ज्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तो १९२८ चा रामन परिणाम. त्याच आठवड्यांत मॉस्कोमध्ये लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम या शास्त्रज्ञांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हीच घटना दिसली होती. रामन यांचं टिपण 'नेचर'मध्ये मार्च १९२८ मध्ये छापून आलं, रशियन जोडीचा निबंध जर्मन नियतकालिकात त्याच वर्षी जुलैमध्ये. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. रशियात पुढेही या घटनेला वेगळंच नाव राहिलं. कोणी कोणाची नक्कल केली नाही. प्रश्न पिकलेला होता, उपकरणं तयार होती, दोन ठिकाणी फळ पडलं.

यातून 'पहिला' या शब्दाचे चार अर्थ वेगळे करता येतात. पहिल्यांदा केलं कोणी? पहिल्यांदा प्रसिद्ध केलं कोणी? आपण नेमकं काय केलं हे पहिल्यांदा ओळखलं कोणी? आणि कोणाच्या कामातून पुढची परंपरा निघाली?

आता सिंग यांना या चार प्रश्नांपुढे उभं करू. ॲसिडसारखा आवाज तबकडीवर आणणं: १९८२, म्हणजे शिकागोच्या आधी. प्रसिद्ध करणं: तेही आधी, आणि तबकडी हाच दिनांक असलेला पुरावा. ओळखणं: इथे गाडी अडते. सिंग यांच्या तबकडीत राग हा राजा आहे, सुरावट ज्युपिटरवर चालते आणि बासयंत्र साथ करतं. 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये सुरावट जवळपास नाहीच. अकरा मिनिटांहून जास्त वेळ फिल्टरची बटणं फिरत राहतात आणि तो बदलता रंग हेच गाणं असतं. यंत्राचा हा 'दोष' म्हणजेच खरा ऐवज, ही ओळख शिकागोची. आणि परंपरा? ती पूर्णपणे शिकागोची. सिंग यांची तबकडी तिथे कोणी ऐकली होती, असा पुरावा समोर आलेला नाही.

दोघांमध्ये नातं नाही का? आहे, पण बाप-लेकाचं नाही, चुलतभावांचं. आजोबा एक: डिस्को, आणि त्यातही मोरोडर यांनी १९७७ च्या 'आय फील लव्ह'मध्ये यंत्रावर चढवलेला डिस्को. दोघांच्या हाती आलेलं यंत्रही एकच. घरं मात्र वेगळी.

कोणी म्हणेल, मग सिंग यांचं महत्त्व कमी झालं. मला उलट वाटतं. 'ॲसिड हाउसचा जनक' म्हटलं की आपण त्यांना दुसऱ्याच्या वंशावळीत चिकटवतो आणि त्यांनी खरोखर केलेलं काम ऐकायचं राहून जातं. बारा सम भागांत विभागलेल्या पट्टीवर भैरव कसा उभा करायचा? तबला काढल्यावर रागाचा श्वास कुठून आणायचा? हे त्यांचे प्रश्न होते. त्यांची मुळं देवलांच्या श्रुती हार्मोनियमच्या वादाकडे जातात, शिकागोकडे नाही.

ज्यांची तबकडी निघालीच नाही

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिंग यांच्याबद्दल आपण वाद तरी घालू शकतो, कारण मुखपृष्ठावर त्यांचं नाव छापलेली एक तबकडी आहे. त्यांनी चित्रपटांसाठी जे वाजवलं त्याचं काय? श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव यायचं, वादकांची नावं सहसा यायची नाहीत. कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं हे आज बरंचसं वादकांच्या आठवणींतून आणि चाहत्यांच्या चिकाटीतून जुळवावं लागतं. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्ये काढलं. त्यातले बरेच वादक तेव्हा वृद्ध होते. वीस वर्षं उशीर झाला असता तर ते पुस्तक लिहिताच आलं नसतं.

मिरजेतही हेच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन गावाला मिळतं. एखाद्या मोठ्या गवयाच्या तंबोऱ्याची जवारी कोणाच्या हाताने काढली होती, हे त्या मानांकनात नसतं. ध्वनिमुद्रण ऐकताना आपण गायकाला दाद देतो. मागे जो षड्ज भरून राहिलेला असतो तो कोणीतरी कानस आणि दोरा घेऊन घडवलेला असतो.

तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली, आजच आपला सिनॉप्सिस काढा आणि 'प्रथमच' हा शब्द शोधा. तो काढून त्या जागी मर्यादा सांगणारं वाक्य लिहा: कोणत्या काळातलं, कोणत्या भाषांतलं, कोणत्या प्रकारचं साहित्य तपासलं आणि त्यात काय आढळलं नाही. वाक्य लांब होईल, पण व्हायव्हाला ते तुमच्या बाजूने उभं राहील.

दुसरी, सातारा-सांगलीकडे राहत असाल तर एखाद्या रविवारी मिरजेला जा. कारागिराची परवानगी घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि जवारी लागताना ऐका. आधीचा आवाज, दोरा सरकवतानाचा आवाज, नंतरचा आवाज. मग फाइलला नाव देताना तीन गोष्टी लिहायला विसरू नका: तारीख, ठिकाण, आणि ज्याने ती जवारी काढली त्याचं पूर्ण नाव.